पाच मिनिटं आधी सांगा

शामकांत जोशींची एकोणतीस वर्षं नोकरी झाली होती, आणि एवढ्या वर्षांत एकाच पोराला दोनदा रागवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. एकदा आवाज चढवला की वर्ग चिडीचूप. आजोबा मास्तर, वडील मास्तर, बायको सुमेधा भिंगारच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. ‘जोशी सरांचा वर्ग’ म्हटलं की आधीच्या गावात लोक अजून मान हलवायचे. सरांनाही ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

बदलीत त्यांना कर्जत तालुक्यातली तरटेवाडी मिळाली. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पोरं अडतीस. पहिली-दुसरी मनवा मॅडमकडे. या मॅडम जेमतेम सव्वीस वर्षांच्या. तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकपदाचे कागद सरांकडे. शिवाय खिचडी शिजवणाऱ्या राहीबाई होत्या. त्यांच्याकडे कुठलंच पद नव्हतं, पण शाळेत पान त्यांच्याशिवाय हलत नव्हतं.

शाळा सुरू होऊन तिसरा दिवस. चौथीची पोरं वजाबाक्या करत होती. घड्याळात साडेअकरा वाजले तसे सर म्हणाले, “बास. गणित बंद करा, मराठीची पुस्तकं काढा.”

एक कंपासपेटी त्यांच्या कानाजवळून सुसाटत गेली आणि फळ्यावर आपटली. पाठोपाठ एक बाक उलटा झाला, हर्षल नावाच्या पोराची वही उभी फाटली, आणि दोन वेण्यांची एक सडपातळ पोरगी किंचाळत दाराबाहेर पळाली. सर बाहेर येईतो ती आवारातल्या कडुलिंबावर पोचली होती.

“खाली ये!” सर गरजले.

पोरगी एक फांदी वर चढली.

“काय नाव तुझं? निकिता ना? निकिता, मी तीन म्हणेपर्यंत खाली यायचं. एक!”

आणखी एक फांदी.

“दोन!”

मनवा मॅडमची चिल्लीपिल्ली ओसरीवर रांगेत उभी राहून जत्रेतला पाळणा पाहावा तशी वर पाहत होती. राहीबाई हात पुसत स्वयंपाकखोलीतून आल्या.

“गुरुजी, तीन म्हनू नका. वर आता बारकी फांदी हाय.”

सरांनी तीन म्हटलं नाही. पण खाली उभं राहून पाऊण तास ते बोलत होते. आधी रागाने, मग समजुतीने, मग चॉकलेटचं नाव काढून. शेवटी भूक लागल्यावर निकिता आपली आपण उतरली, खिचडीचं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली आणि कोणाशी बोलली नाही. सर खुर्चीवर टेकले. अशी फजिती त्यांची जन्मात झाली नव्हती.

पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी ठेवणीतली सगळी हत्यारं काढली. वर्गाबाहेर उभं केलं तर ती वर्गाबाहेरच राहिली, आत यायला तयार होईना. खेळाचा तास बंद केला, त्या दिवशी खिडकीची काच गेली. एकदा सर्वांदेखत म्हणाले, “लाज वाटत नाही का?” त्यावर तिने स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला. रक्त आलं. हा उद्धटपणा म्हणावा, तर उद्धट पोर स्वतःला कशाला चावेल?

तरीही त्यांनी निरोप पाठवून वडिलांना बोलावलं. कानिफनाथ शेळके आला. दाराची चौकट भरेल असा आडवातिडवा गडी. घरची लिंबांची बाग. पण बोलणं इतकं हळू की सरांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

“दाखला द्यायचा असंल तर देऊन टाका, गुरुजी,” बसता बसताच तो म्हणाला. “ही तिसरी शाळा हाय. आमाला सवय झाली.”

सरांनी तेच बोलायचं ठरवलं होतं. सौम्य शब्दांत, ‘तिच्या हितासाठी’ वगैरे म्हणून. पण समोरच्याने आधीच मान पुढे केल्यावर त्यांची जीभ उचलेना.

“घरी कशी असते?” त्यांनी भलतंच विचारलं.

“घरी बी कवा कवा ताटं फेकती. पन नंतर लई रडती. आईच्या कुशीत शिरून विचारती, मी अशी का करती गं. आता ह्याला आमी काय सांगावं?” कानिफनाथने टोपी काढून मांडीवर ठेवली. “लोकांनी सांगितलं देवरुशाकडं न्या. नेली. त्यानं चटका द्यायचं काढलं तशी उचलून माघारी आनली. मग नगरला डॉक्टरीनबाईकडं गेल्तो. त्यांनी कागद दिलाय.”

खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद निघाला. घड्यांवर तो विरत आला होता. भावनिक आणि वर्तनविषयक अडचण असल्याचं त्यावर लिहिलं होतं. मुलगी हे मुद्दाम करत नाही, शाळेने आणि घराने मिळून एका पद्धतीने वागावं, महिन्याला दाखवायला आणावं.

“हा आधीच्या शाळांना दाखवला नाहीत?”

“कुनी मागितलाच न्हाई, गुरुजी.”

सरांनी कागद दोनदा वाचला. मग कपाटातून नवी फाइल काढली, कागदाचा मोबाईलवर फोटो घेतला आणि मूळ कागद जपून परत दिला. “दाखला वगैरे काही नाही,” ते म्हणाले. “उद्या तिला वेळेवर पाठवा.” पुढे काय करायचं हे त्यांना अजिबात माहीत नव्हतं.

ते मनवा मॅडमना माहीत होतं. निदान कोणाला विचारायचं एवढं तरी. कर्जतच्या गटसाधन केंद्रात बिभीषण नेटके नावाचे विशेष शिक्षक होते. अशा मुलांसाठी ते मोटरसायकलवर शाळा शाळा फिरायचे. मॅडमनी फोन केला आणि बुधवारी स्वारी हजर झाली. वय तिशीचं, अंगात टी-शर्ट, पाठीला सॅक. सरांना पाहताक्षणी वाटलं, हा मला शिकवणार?

बिभीषण दिवसभर मागच्या बाकावर बसून राहिला. दुपारी निकिताचा एक भडका उडाला, तोही त्याने जागचं न हलता पाहिला. शाळा सुटल्यावर त्याने विचारलं, “सर, भडक्याच्या आधी काय झालं होतं?”

“काहीच नाही. एकदम उठली.”

“एकदम काही नसतं, सर. आपल्याला दिसत नाही म्हणून एकदम वाटतं.” त्याने सॅकमधून कोरी वही काढली आणि पानावर दोन उभ्या रेघा मारल्या. “तीन रकाने. आधी काय झालं, मग तिनं काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. पंधरा दिवस फक्त लिहा. तिला सुधारायला जाऊ नका.”

सरांना राग आला होता. पण वहीचा कागद चांगला होता आणि सरांचं अक्षर मोत्याचं. वही भरणं हे त्यांचं आवडतं काम. त्यांनी लिहायला घेतलं.

पंधरा दिवसांत सतरा नोंदी झाल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी वही मनवा मॅडमपुढे सरकवली. मॅडम बोट फिरवत वाचत गेल्या, मग पहिल्या पानावर परत आल्या.

“सर, पहिला रकाना बघा ना. ‘वह्या बंद करा म्हणालो.’ ‘खेळ थांबवला.’ ‘चित्रं गोळा केली.’ ‘पाहुणे आले म्हणून तास सोडला.’ सगळीकडे काहीतरी मध्येच बंद झालंय.”

सरांनी चष्मा सावरला. सतरांपैकी चौदा वेळा तेच होतं. उरलेल्या तीन नोंदींचा काही उलगडा झाला नाही, पुढेही कधी झाला नाही. पण चौदा म्हणजे चौदा.

“आणि तिसऱ्या रकान्यात,” मॅडम जरा चाचरत म्हणाल्या, “ ‘मी ओरडलो’ हे पण बऱ्याचदा आहे.”

“किती वेळा?”

“सोळा.”

सरांनी वही आपल्याकडे ओढून तो रकाना स्वतः मोजला. मग त्यांना हसूच आलं. “म्हणजे माझा आवाज चढतो तो सोळा वेळा! आणि मी लोकांना सांगत फिरतो की मला दुसऱ्यांदा आवाज चढवावा लागत नाही.” राहीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी तर पयल्याच दिवशी मोजलं हुतं, गुरुजी.”

पुढच्या बुधवारी बिभीषणशी बोलणं झालं ते वेगळ्या सुरात. सर आता विचारत होते आणि तो सांगत होता. कोणतीही गोष्ट बंद करायच्या आधी पाच मिनिटं सांगायचं. हातातलं अर्धं राहिलं तर ते कधी पुरं करायचं हेही सांगायचं. भडका उडाला की कमी बोलायचं आणि हळू बोलायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. वर्गात एक शांत जागा करायची. “पण तिथं शिक्षा म्हणून पाठवायचं नाही हं, सर. तिला वाटेल तेव्हा ती जाईल. आणि परत आल्यावर ‘झालं का नाटक?’ असं कुणी म्हणायचं नाही. मोडलं, फाडलं असेल तर ते शांत झाल्यावर तिनं दुरुस्त करायचं. आणि नगरच्या डॉक्टरांकडं दर महिन्याला जाणं चुकवायचं नाही.”

पुस्तकांच्या कपाटामागे चटई अंथरली, राहीबाईंनी घरची गोधडी आणून दिली. जागा सगळ्यांसाठी खुली होती. पहिल्याच दिवशी तिचा लाभ हर्षलने घेतला आणि तो तिथे चक्क घोरायला लागला.

अडचण आली ती सरांच्या विसरभोळेपणाची. शिकवायच्या भरात पाच मिनिटं आधी सांगायचं राहूनच जाई. दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा बाक उलटला. तेव्हा सरांनी निकितालाच बोलावलं.

“हे बघ, माझ्या लक्षात राहत नाही. मोठ्या काट्याकडं लक्ष ठेवशील? तास संपायला पाच मिनिटं उरली की तू सगळ्यांना सांगायचं. मलाही.”

निकिताने प्रथमच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. “मला घड्याळ येत न्हाई, सर.”

तीन दिवसांत तिला घड्याळ आलं. वजाबाकीत अडखळणारी पोरगी मिनिटांचा हिशेब असा चोख करायला लागली की सर चकित झाले. तास संपायला पाच मिनिटं उरली की ती उभी राही, हाताचा पंजा वर करून खणखणीत आवाजात सांगे, “पाच मिनिटं राह्यली!” मग मनवा मॅडमच्या वर्गात जाऊन सांगे, मग स्वयंपाकखोलीत. राहीबाई कुरकुरत, “हिच्यापायी मला भांडं घासायचा बी टाइम मोजून मिळतो.” पण खिचडी मात्र आता टोलाच्या ठोक्याला तयार असायची.

भडके कमी झाले. आठवड्याला सात-आठ व्हायचे ते दोनावर आले, मग एखादा. गावात मात्र कुजबुज सुरू झाली. शाळा समितीच्या बैठकीत एक पालक बोललाच, “गुरुजी, त्या पोरीचे लई लाड चाललेत. गोधडी काय, पाच मिनिटं काय! आमच्या पोरांनी बी बाक उलटं करावं का?”

सरांनी शांतपणे टेबलाचा खण उघडला आणि बिस्किटाचा पुडा वर काढून ठेवला. “मला शुगर आहे, वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते. रोज अकरा वाजता वर्गात मी दोन बिस्किटं खातो. पोरांना खाऊ देत नाही. आजवर कुणी म्हणालं का, गुरुजी स्वतःचे लाड करून घेतात?”

“तुमाला दुखनं हाय म्हनून…” पालक बोलता बोलता थांबला. कोपऱ्यात बसलेल्या कानिफनाथने मान खाली घातली होती. ती हळूच वर आली.

सप्टेंबरात मात्र एक दिवस सगळंच फिसकटलं. आदल्या आठवड्यात कानिफनाथची म्हैस विकली गेली होती, निकिता तिच्या अंगावर बसून मोठी झालेली. ती दोन दिवस धड जेवली नव्हती. चित्रकलेच्या तासाला हर्षलने तिचा हिरवा खडू न विचारता घेतला आणि पाहता पाहता हर्षलचं चित्र, शेजारच्या दोघींची चित्रं, भिंतीवरचा तक्ता, सगळ्याच्या चिंध्या झाल्या. निकिता पुन्हा कडुलिंबावर.

पोरांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खुर्ची उचलली, कडुलिंबाखाली नेली, झाडाकडे पाठ करून बसले आणि वह्या तपासू लागले. कान वरच्या फांदीकडे होते. पण त्यांनी मान वर केली नाही. एक वही झाली, दहा झाल्या.

“सर,” वरून आवाज आला. “तुमी वरडनार न्हाई का?”

“नाही. वह्या तपासतोय.”

आणखी दोन वह्या झाल्या. मग पानांची सळसळ, एक फांदी खाली.

“माझ्या डोक्यात भोंगा वाजतो, सर. साखर कारखान्याचा असतो तसा. तो वाजला का मला काय बी ऐकू येत न्हाई. मग थांबतो, तवा दिसतं काय काय फाटलंय ते.”

सरांचं लाल पेन थांबलं. एकोणतीस वर्षांत त्यांच्या वर्गात असे किती भोंगे वाजले असतील, आणि किती पोरांना त्यांनी एका आवाजात गप्प केलं असेल, कुणास ठाऊक. “आत्ता वाजतोय का?” त्यांनी विचारलं.

“थोडा.”

“मग बस अजून. मला बऱ्याच वह्या आहेत.”

वीस मिनिटांनी ती उतरली. वर्गात जाऊन तिने चिंध्या गोळा केल्या, डिंक मागितला आणि हर्षलचं चित्र जोडायला बसली. बैलाचं डोकं जरा मागच्या बाजूला चिकटलं. हर्षलने चित्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, “राहू दे. हा मागं बघतोय.” दोघंही हसली. संध्याकाळी सरांनी कानिफनाथला फोन केला, तो तक्रारीसाठी नव्हे. म्हशीबद्दल पोरीला आधी सांगितलं होतं का, एवढंच विचारलं. पलीकडून कानिफनाथ म्हणाला, “न्हाई, गुरुजी. ती रडंल म्हनून शाळंत असतानाच न्यायला लावली. चुकलंच आमचं.”

डिसेंबरात तालुक्याहून विस्तार अधिकारी शाळा पाहायला आले. माणूस भला, पण भाषणाचा शौकीन. अडतीस पोरं, दोन शिक्षक आणि समितीची मंडळी पटांगणात बसली. साहेबांनी स्वच्छतेपासून सुरुवात केली, तिथून अंतराळात गेले, तिथून शिस्तीवर आले. तेवढ्यात उघड्या दारातून वर्गातलं घड्याळ पाहून चौथीच्या रांगेतून निकिता उठली आणि पंजा वर करून म्हणाली, “साहेब, पाच मिनिटं राह्यली!”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मनवा मॅडमनी ओठ दाबून धरले. साहेब भांबावून म्हणाले, “अगं, मला अजून वीस मिनिटं तरी लागतील. बस खाली.”

निकिताच्या मुठी आवळल्या. घड्याळाप्रमाणे जेवणाची सुट्टी व्हायची होती आणि हा माणूस सगळं मोडत होता. मान ताठ झाली, श्वास जोरजोरात यायला लागला. सरांना ती चिन्हं पाठ होती. ते उठायला निघाले आणि तसेच थांबले. निकिताने त्यांच्याकडे पाहिलं होतं. मग ती वळली, सगळ्यांच्या देखत पटांगण ओलांडून वर्गात शिरली.

“कुठं निघाली ही?” साहेबांनी विचारलं.

“तिच्या जागेवर गेली, साहेब,” सर म्हणाले. “येईल. आपण बोला.”

साहेब बोलले, पण कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे दाराकडे पाहत होते. समितीत मागे लाडांबद्दल बोललेला पालक तर मान लांबवून पाहत होता. चार मिनिटांनी निकिता बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा लाल, पण चाल सरळ. ती साहेबांच्या समोर उभी राहिली.

“मग वीस मिनिटांनी टोल देऊ का? तसं मावशीला सांगावं लागंल. खिचडी खाली लागती.”

स्वयंपाकखोलीतून राहीबाई ओरडल्या, “लागलीच हाय!”

आधी पोरं हसली, मग समितीची मंडळी, आणि शेवटी साहेबांचं पोट हलायला लागलं. “नको, नको,” ते म्हणाले, “पाच मिनिटांत आटपतो.” आणि खरोखर आटपलं. जेवताना त्यांनी सरांना सगळी हकिकत विचारली. सरांनी ती तीन रकान्यांची वही पुढे ठेवली. साहेब म्हणाले, “भारीच सुधारणा केलीत तुम्ही पोरीत.” सर म्हणाले, “तिच्याआधी माझ्यातच झाली, साहेब.”

कानिफनाथला ही बातमी तो बागेत असतानाच तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितली. तिसऱ्याच्या सांगण्यात साहेबांनी निकिताला सलाम ठोकला होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, पण बोलायला शब्द सुचेनात. म्हणून त्याने सगळ्या बाकांचे ढिले खिळे ठोकून दिले आणि निघून गेला.

तशी निकिता काही गाय झाली नव्हती. फेब्रुवारीत एकदा तिने पाण्याचा नळच मुळासकट उपटला. पण नळ बसवताना पाना धरायलाही तीच उभी होती.

पाचवीसाठी तिला कर्जतच्या मोठ्या शाळेत जायचं होतं. नवी इमारत, सहा-सात शिक्षक, तासागणिक माणूस बदलणार. सरांनी एप्रिलमध्येच तिकडच्या वर्गशिक्षिकांची वेळ मागून घेतली आणि एका सकाळी निकिता, कानिफनाथ आणि सर तिघं एसटीने कर्जतला गेले. बिभीषण तिथे आधीच येऊन थांबला होता. वर्गशिक्षिका यामिनी मॅडम मोकळ्या स्वभावाच्या वाटल्या. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि सरांना विचारलं, “बरं, हिच्या बाबतीत काय काय लक्षात ठेवायचं?”

सरांनी घसा साफ केला. सांगण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं. पण निकिता खुर्चीच्या टोकाशी सरकली होती.

“मी सांगते,” ती म्हणाली. “मला येकदम काय बंद केलेलं चालत न्हाई. आधी सांगितलं तर चालतं. डोक्यात आवाज व्हाया लागला का मला जरा बाजूला जायाचं असतं, पळून जायाचं नसतं. आनि तवा माझ्याशी कुनी बोलायचं न्हाई. नंतर बोललं तर मी ऐकते.” थोडं थांबून तिने भर घातली, “आनि काय मोडलं तर मी नीट करते. नळ बी येतो मला.”

यामिनी मॅडमनी हे सगळं कागदावर उतरवून घेतलं, अगदी नळासकट. कानिफनाथ खिडकीबाहेर पाहत राहिला. सरांच्या लक्षात आलं की आपल्याला बोलायचं काही शिल्लकच राहिलं नाही, आणि त्यांना त्याचं फार बरं वाटलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. स्टँडसमोर उसाच्या रसाची गाडी होती. निकिता दोन ग्लास प्यायली आणि तिसऱ्यासाठी बापाकडे पाहिलं.

“घे,” सरच म्हणाले. “एसटीला अजून वेळ आहे.”